युकुलेलेची ‘की गेली’ म्हणून सांगणाऱ्या दुकानदारापासून सावध

स्वस्तातल्या युकुलेलेच्या (गिटारसारख्या छोट्या, चार तारांच्या वाद्याच्या) ट्यूनिंग की, म्हणजे तारा ताणून सूर लावायच्या खुंट्या, बदलायचा विचार असेल तर आधी हे वाचा. छत्रपती संभाजीनगरातल्या एका वाद्यांच्या दुकानात माझ्या भावाला आणि पुतणीला ज्या पद्धतीनं लुबाडलं, ती सगळ्यांना कळायला हवी. आमच्या परभणीकडं अशी वाद्यं दुरुस्त करणारं माणूस सहज सापडत नाही. लेकरू हट्ट धरतं, आई-बाप गाडीत बसून संभाजीनगर गाठतात आणि दुकानदार सांगेल ते मुकाट ऐकतात.

पुतणीचं सोप्रानो, म्हणजे लहान आकाराचं, युकुलेले अठराशे रुपयांचं. त्याच्या की साध्या होत्या, सतारीच्या खुंटीसारख्या नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या. आत दाते नाहीत. कीच्या मागच्या टोकाला बारीक स्क्रू असतो, तो सैल झाला की तार उतरते आणि थोडा आवळला की थांबते. काम एवढंच होतं.

पण स्क्रू आवळण्यात कमाई कसली? दुकानदारानं आधी ‘तारा जुन्या झाल्यात’ म्हणून नवा संच चढवला. सूर लावला, इकडचं तिकडचं बोलत वेळ काढला आणि पुन्हा छेडून दाखवलं. सूर उतरलेला. ‘बघा, की गेल्यात!’ नायलॉनची नवी तार सुरुवातीचे काही दिवस ताणत राहते, त्यामुळं ती उतरणारच, की कितीही भारी असो. वाद्य विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा अजिबात विश्वास नाही. इथंच डाव होता.

मग ‘जपानी, सीलबंद गिअरच्या, १८:१’ अशा कीचे १,४०० रुपये आणि बसवायचे ३०० ठरले. संध्याकाळी या म्हणाला. वाद्य हातात पडलं तेव्हा परतीच्या गाडीची वेळ झाली होती. जुन्या की मागितल्या तर ‘फेकल्या’. बिलावर कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, फक्त ‘सामान व मजुरी’.

मी शाळेत संगीत शिकवतो, म्हणून वाद्य माझ्याकडं आलं. १८:१ म्हणजे कीला अठरा फेरे दिले की तार गुंडाळणारा खांब एकदा फिरतो. खांबावर स्केचपेननं खूण करून मोजलं, तर चौदाव्या फेऱ्यालाच खूण जागेवर आली. की उलटी फिरवली तर आधी थोडी रिकामीच फिरायची, मग खांब हलायचा. कीचा नट काढून बघितलं आणि संताप झाला. हेडस्टॉकचं, म्हणजे की बसतात त्या वाद्याच्या डोक्याचं, भोक गरजेपेक्षा मोठं पाडलेलं आणि त्यात वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून चिकटवलेला! मागचे स्क्रू आधी बारीक भोक न पाडता तसेच दाबून बसवलेले, त्यातल्या एकापासून लाकडाच्या रेषेनं फट निघून थेट खांबाच्या भोकापर्यंत गेलेली.

पैशापेक्षा हे नुकसान मोठं आहे. भोक मोठं झाल्यावर पहिल्यासारख्या की आता त्यात धड बसणार नाहीत. वर चार गिअरचं वजन. एवढंसं सोप्रानो डोक्याकडं झुकतं, आणि पोरीचा डावा हात सूर दाबायचं सोडून वाद्य सावरण्यात अडकतो.

गिअरच्या की वाईट नसतात. जपानच्या गोतोह कंपनीच्या ४:१ कीमध्ये गिअर आतच असतो आणि त्या साध्या कीसारख्याच सरळ मागं निघतात. पण त्यांचा अस्सल संच या अख्ख्या युकुलेलेपेक्षा महाग पडतो. चौदाशेत ‘जपानी’ म्हटलं की तिथंच थांबा. बंद पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावा, ड्रिल लावण्याआधी भोकाचं माप घ्यायला सांगा, जमलं तर काम संपेपर्यंत तिथंच बसा. जुन्या की तुमच्या मालकीच्या आहेत, त्या मागून घ्या. आणि सगळ्यात आधी स्क्रू आवळून, नव्या तारा आठवडाभर रुळू देऊन बघा.

बिल द्यायला नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळं पूर्ण तपशिलाचं बिल मागायला लाजू नका. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. भावानं हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. दुकानदार ‘पोरीनंच पाडलं असेल’ म्हणतोय. फटीचे, कागदाचे फोटो आणि ते अर्धवट बिल आम्ही जपून ठेवलंय, आणि पैसे परत मिळाले नाहीत तर आयोगात जाणार आहोत.