स्लॅब की कौलं? ठाणे-पनवेल पट्ट्यातल्या चारशे फुटांच्या घरासाठी

शहापूर-मुरबाडकडे तुकडा घेतलेला असो किंवा उरण-पनवेलच्या गावठाणात आजोबांची जागा असो, छोटं घर बांधायचं ठरलं की भिंतींवर फारसा वाद होत नाही. लाल वीट घ्या, सिपोरेक्सचे हलके ठोकळे घ्या, गवंडी चांगला असला की दोन्ही चालतं. गाडं अडतं ते छपरावर. ठेकेदार डोळे झाकून स्लॅब सांगतो, कारण त्याची माणसं, सेंट्रिंग आणि मिक्सर सगळं त्याचसाठी तयार असतं. कौलांचं नाव काढलं की ‘आता कोण करतं साहेब?’ हे ठरलेलं उत्तर.

आमचं माप कौलांकडे झुकलं. सगळ्यांचं झुकेलच असं नाही, आणि कुठे झुकू नये तेही पुढे आहे.

आधी वजन पाहू. २० बाय २० फुटांच्या घरावर पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण साडेअकरा टन काँक्रीट. आपल्याकडच्या पावसात तो उघडा ठेवता येत नाही, म्हणून वर सरासरी चार इंचांचा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा पाणी अडवणारा थर), म्हणजे आणखी सातेक टन. त्याच घरावर अडीच फुटांची वळचण सोडून ३० अंशांच्या उताराचं कौलारू छप्पर केलं, तर कौलं आणि लोखंड मिळून साडेतीन टनांच्या आत बसतं. मुरबाडच्या मुरमाला या फरकाचं काही वाटत नाही. उरण-उलव्याकडच्या खाडीच्या चिकणमातीत मात्र पायाचा खर्च त्यावरच ठरतो.

पण आमच्या बाबतीत निकाल वजनाने लागला नाही, रात्रीच्या उकाड्याने लागला. मे महिन्यात कोणत्याही एकमजली स्लॅबच्या घरात रात्री अकरा वाजता पलंगावर उभं राहून छताला तळवा लावून पाहा. बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणात बरं वाटत असतं आणि छत मात्र उतरवलेल्या तव्यासारखं असतं. नऊ इंचांच्या काँक्रीट-कोब्यातून दुपारची उष्णता खाली पोचायला सात-आठ तास लागतात. म्हणजे एकचं ऊन आठ-नऊला घरात उतरतं, नेमकं अंथरूण घालायच्या वेळी. पंखा लावला तर तो छताजवळची गरम हवा अंगावर ढकलतो. एसी लावला तर पहिला तास-दीड तास तो अठरा टन दगड थंड करत बसतो.

सोलापूर-नगरकडे धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, जाड घरं चालतात, कारण तिथे रात्र खरंच गार होते. दिवसभर साठलेलं रात्री बाहेर टाकता येतं, आणि माणसंही धाब्यावर झोपतात. ठाण्यात मे महिन्याची रात्र २७-२८ अंशांखाली सहसा जात नाही आणि हवेत दमटपणा भरलेला असतो. साठवलेली उष्णता टाकणार कुठे? कोकणातल्या जुन्या घरांनी जड छप्पर कधी घेतलं नाही, त्यामागे पावसाइतकंच हेही असावं.

यावर उपाय सांगितले जातात. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, पण मे महिन्यात पाणी कुठलं, आणि मारलं तर दमटपणा वाढतोच. पांढरा उष्णतारोधक रंग द्या, हा उपाय पहिला उन्हाळा खरोखर चांगला काम करतो. मग चार महिने पाऊस पडतो, शेवाळ चढतं, गच्ची काळी होते. दर मार्चला घासून पुन्हा रंग द्यायची तयारी असेल तरच त्यात पडावं. शेवटी काय होतं ते कळवा-दिव्यापासून पनवेलपर्यंत लोकलमधून दिसतंच: स्लॅबवर लोखंडी शेड. एकाच घराला दोन छपरांचे पैसे. शिवाय पालिकेच्या हद्दीत त्या शेडसाठीही आधी विचारावं लागतं.

पत्र्याबद्दल थोडक्यात. रंगीत गॅल्व्हल्यूम स्वस्त आहे, सूर्य मावळला की अर्ध्या तासात गार होतो. पण दुपारी खाली बसवत नाही आणि जुलैत फोनवर बोलता येत नाही. गोदामाला ठीक.

आता कौलांची दुसरी बाजू. दुपारी एक ते चार नुसत्या कौलांखाली स्लॅबपेक्षा गार वाटेल, असं छातीठोकपणे सांगणार नाही. खालून चपट्या सीलिंगच्या कौलांचा दुसरा थर दिला आणि मध्ये दोन-तीन इंचांची हवा खेळती ठेवली तर फरक पडतो. सात वाजले की मात्र तुलना संपते. दीड सेंटिमीटरची भाजलेली माती तासाभरात निवते आणि गरम हवा सांध्यांतून मोभाऱ्याकडे, म्हणजे छपराच्या माथ्याकडे, निघून जाते. हेच सांधे एसीचे शत्रू आहेत. रोज एसी लावून झोपणार असाल तर कौलं घेऊ नका.

हिशेब असा: वरच्या घराला पाखं (छपराच्या उतरत्या बाजू) मिळून सव्वासातशे चौरस फूट. मंगळुरी कौलं चौरस मीटरला पंधरा धरली तर हजार, तूटफूट धरून अकराशे. वर मोभाऱ्याला पंचवीसेक कोने, म्हणजे माथ्यावरची कौलं. घेताना कौल बोटाने वाजवावं, खणखणलं पाहिजे. एखादं रात्रभर बुडवून तोलावं. कोरडं २ किलो ६०० ग्रॅम असलेलं सकाळी ३ किलो १०० च्या वर गेलं तर तो माल नको. जुन्या घरांची उतरवलेली कौलं मिळतात आणि कित्येकदा नव्यापेक्षा चांगली असतात. पण पाठीवरचा शिक्का एकच असू द्या. बासेल मिशनने मंगळुरूला १८६५ मध्ये कारखाना काढल्यापासून अनेक कारखाने झाले आणि प्रत्येकाची खाच थोडी वेगळी. दोन शिक्के मिसळले की खाच बसत नाही, आणि ते छप्पर कधीच गळायचं थांबत नाही.

गळतीचं दुसरं कारण फॅब्रिकेटर. तो रिपांचं (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर अंदाजाने धरतो आणि सगळ्या वेल्ड करून मोकळा होतो. आधी दहा कौलं जमिनीवर जोडून, एकदा दाबून आणि एकदा ताणून मोजावीत. दोन्हींचा मध्य तेच अंतर, बहुधा साडेबारा इंचांच्या आसपास. इंचभर जास्त झालं की नैऋत्येचा वारा पाऊस उलटा वर चढवतो. उतारही ३० अंशांखाली नको. खाडीजवळ काळा पाइप वापरू नका. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला, घ्या, वेल्डवर झिंक प्रायमर मारा आणि पाइपांची तोंडं बंद करा, कारण गंज आतून लागतो. वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची कौलं पाठीमागच्या भोकातून तारेने बांधा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर छपरं कशी उडाली, ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

पाण्याच्या टाकीचं काय, हा प्रश्न येतोच. संडास-बाथरूम आणि जमलं तर स्वयंपाकघर यांवर आठ बाय बारा फुटांचा छोटा स्लॅब घ्या आणि टाकी भिंतीच्या डोक्यावर बसवा. हा स्लॅब कौलांच्या वळचणीखाली एक फूट तरी असावा आणि उतार घरापासून बाहेर. दोन्ही एका पातळीत आणून सांधा सिमेंटने भरला की पहिल्याच पावसात तडकतो.

चार-पाच वर्षांत वर मजला चढवायचा नक्की विचार असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवून स्लॅबच घाला. कॉलमच्या सळ्या वर सोडा आणि त्यांना सिमेंटची स्लरी लावून झाका. ‘कधीतरी मुलगा बांधेल’ यासाठी मात्र नको.

येऊर किंवा घोडबंदरच्या जंगलालगत असाल तर माकडं धरून चाला. वर्षाला वीस-पंचवीस कौलं जातात आणि एक माणूस अर्ध्या दिवसात बदलतो. म्हणून त्याच शिक्क्याची शंभर कौलं जादा घेऊन ठेवा, भिंतीलगत उभी रचून. आडवी रचली तर खालची आधी फुटतात.