वॅलेटा: जहाजाच्या एका दिवसाच्या मुक्कामात

माल्टाच्या राजधानीत क्रूझचा एकच दिवस मुक्काम असेल, तर जहाजावर विकल्या जाणाऱ्या बससहलीच्या फंदात न पडता पायीच निघावे, असे माझे स्पष्ट मत आहे. धक्क्यापासून थोडे चालल्यावर 58 मीटर उंचीची बराक्का लिफ्ट लागते आणि तटबंदीची चढण वाचवून ती थेट वरच्या बागेत सोडते. दुपारी बाराला बागेखालच्या तोफखान्यातून सलामीची तोफ डागली जाते. कठड्याशी जागा हवी असल्यास थोडे आधी पोहोचावे.

खरा वेळ मात्र सेंट जॉन्स को-कॅथीड्रल या चर्चला द्यावा. बाहेरून गढीसारखी रुक्ष दिसणारी ही वास्तू आतून सोन्याने मढवलेली असून, पायाखाली सेंट जॉन या ख्रिस्ती लष्करी पंथाच्या सरदारांच्या रंगीत संगमरवरी समाधिशिला आहेत, ज्यांवर सांगाडेही दिसतात. टोकदार टाचांची पादत्राणे येथे चालत नाहीत, आणि ते योग्यच आहे. काराव्हाज्जोने 1608 मध्ये रंगवलेल्या संत जॉनच्या शिरच्छेदाच्या चित्रासमोर घाई करू नये. चित्रकाराची सही संताच्या सांडलेल्या रक्तातच आहे. तिकिटातच मिळणारा ऑडिओ गाइड उपयुक्त, पण काहीसा लांबट वाटला. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसल्याने जहाजाचा वार आधीच पाहून घ्यावा.