किंग्ज की पेसर्स? २०२५-२६ च्या हंगामात कुणाची बाजू धरावी

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, हंगाम तोंडावर आला की मला हमखास एक प्रश्न येतो. लेकर्स आणि वॉरियर्स सगळेच बघतात, आम्ही दुसरा कुठला संघ धरावा? यंदा विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं घोडं सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या दोन नावांशी येऊन अडलेलं दिसतं. कारणही उघड आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये हेच दोन संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये हंगामपूर्व सामने खेळून गेले. भारतात झालेले एनबीएचे ते पहिले सामने. शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेला पहिला सामना पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा जिंकला, आणि दुसऱ्या दिवशीचाही त्यांनीच, १३०-१०६. दुसऱ्या सामन्याला मी डोममध्ये होतो. टीव्हीवर चपटा दिसणारा हा खेळ प्रत्यक्षात किती उंच आणि किती वेगवान असतो, हे तिथे पहिल्यांदा कळलं. त्यानंतर बराच काळ मी दोन्ही संघ सारख्याच आवडीनं पाहिले आणि मग एकाच संघाचा झालो. का झालो ते सांगतो. पटलं तर घ्या.

तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फेब्रुवारी २०२२ मध्ये या दोन संघांत मोठी अदलाबदल झाली. मुंबईत पेसर्सच्या जर्सीत खेळलेला डोमांटास सबोनिस सॅक्रामेंटोला गेला. त्याच्या बदल्यात टायरीस हॅलिबर्टन आणि बडी हील्ड इंडियानाला आले. हील्ड मुंबईत किंग्जकडून खेळला होता. हॅलिबर्टन तर किंग्जनी २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, स्वतः निवडलेला पोरगा. आज कोणता संघ कसा आहे याची निम्मी उत्तरं या एका सौद्यात सापडतात.

आधी सॅक्रामेंटोबद्दल, कारण मन तिकडे ओढलं जावं अशी कारणं खरंच आहेत. मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. २०१३ मध्ये हा संघ सिएटलला हलवण्याचं जवळपास ठरलं होतं, तेव्हा त्यांच्या गटानं तो विकत घेतला आणि त्याच गावात ठेवला. एका गावाचा एकच मोठा व्यावसायिक संघ, त्यामुळे तिथला प्रेक्षक हरणाऱ्या संघालाही सोडून जात नाही. विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडला जातो आणि लोक त्यासाठी रस्त्यावर थांबतात. २००६ नंतर प्लेऑफचं, म्हणजे बाद फेऱ्यांचं, तोंड न पाहिलेला हा संघ २०२३ मध्ये ४८ सामने जिंकून पश्चिम विभागात तिसरा आला. पहिल्याच फेरीत वॉरियर्सशी सात सामने झाले आणि सातव्यात स्टेफन करीनं ५० गुण टाकून त्यांना घरी पाठवलं. तरीही त्या वर्षी किंग्जचे सामने पाहणं हा सण होता.

पण तो संघ आता कुठे आहे? डिसेंबर २०२४ मध्ये कोच माइक ब्राउन यांना काढलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये डिॲरन फॉक्स स्पर्सकडे गेला, केविन हर्टर शिकागोला, आणि तिथून झॅक लावीन आला. ४० विजय, ४२ पराभव, आणि प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीच्या सामन्यात, घरच्याच कोर्टवर डॅलसकडून हार. एकेकाळी याच संघातून खेळलेले डग क्रिस्टी आता कायमचे कोच आहेत आणि स्कॉट पेरी नवे जनरल मॅनेजर. उन्हाळ्यात पॉइंट गार्ड (बॉल घेऊन आक्रमण चालवणारा) म्हणून डेनिस श्रोडर आला आणि आता हंगामाच्या उंबरठ्यावर रसेल वेस्टब्रुक. कीगन मरे हा त्यांचा दोन्ही बाजूंनी सर्वांत भरवशाचा खेळाडू, पण हंगामपूर्व सामन्यात डाव्या अंगठ्याला दुखापत झाल्यानं सुरुवातीचे काही आठवडे तो बाहेर बसणार. कागदावर नावं मात्र भारदस्त आहेत: सबोनिस, डीरोझन, लावीन, मॉन्क, श्रोडर, वेस्टब्रुक. नुसती यादी वाचून संघ निवडायचा असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

इंडियानाकडे वळलं की पहिली गोष्ट वाईटच सांगावी लागते. २२ जून २०२५, अंतिम फेरीचा सातवा सामना, ओक्लाहोमा सिटी. आपल्याकडे सोमवारची पहाट होती. हॅलिबर्टननं पहिल्याच क्वार्टरमध्ये (सामन्याच्या पहिल्या पाव भागात) तीन थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट, टाकले होते. बॉल घेऊन तो पुढे निघाला, उजवा पाय घसरल्यासारखा झाला, आणि तो जमिनीवर पडून हातानं कोर्ट बडवू लागला. अकिलिस टेंडन, म्हणजे टाचेमागचा कंडरा, फाटला होता. २०२५-२६ चा संपूर्ण हंगाम तो खेळणार नाही, हे संघानं आधीच जाहीर केलंय. भरीला, दहा हंगाम या संघाचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) असलेला माइल्स टर्नर जुलैमध्ये मिलवॉकीला गेला. पेसर्सची बाजू घेताना हे दोन खड्डे झाकून चालणार नाही. टर्नरच्या जागी आहेत मेम्फिसहून आणलेला जे हफ, आणि आयझाया जॅक्सन व जेम्स वाइजमन. या शेवटच्या दोघांचेही गेल्या हंगामाच्या सुरुवातीलाच अकिलिस फाटले होते. रिबाउंडमध्ये, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडण्यात, हा संघ यंदा मार खाणार, यात मला तरी शंका वाटत नाही.

म्हणजे इकडे नावं आहेत आणि तिकडे खड्डे. तरी माझं पारडं का झुकलं? एका त्रासामुळे. सॅक्रामेंटोत बॉल थांबतो.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. गेल्या हंगामाच्या उत्तरार्धात किंग्जचा कुठलाही अटीतटीचा चौथा क्वार्टर लावा. बॉल हाफ कोर्ट ओलांडून येतो, सबोनिस वर येऊन स्क्रीन लावतो (बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभा राहतो), बचाव करणारे आपापली माणसं बदलून घेतात, आणि मग बॉल डीरोझनकडे किंवा लावीनकडे जाऊन मुक्काम करतो. डीरोझन फ्री-थ्रो लाइनच्या कोपऱ्यावर पाठ करून उभा. एक खांदा इकडे, एक तिकडे, एक खोटी उडी. बाकीचे चौघं जागच्या जागी, त्यातले दोघं तर हात खाली सोडून. शॉटसाठीचं घड्याळ १२, ९, ६. मग मागे झुकून मारलेला शॉट, आणि तो माणूस त्यात इतका तरबेज आहे की बऱ्याचदा तो आत जातोही. डीरोझनबद्दल मला आदरच आहे. या वयात पायांची अशी शिस्त ठेवणारे फार थोडे. पण पाच माणसांच्या खेळात चार माणसं प्रेक्षक झाली की मला ते सकाळी उठून बघवत नाही. बॉल मिळणार नाही हे ठाऊक असलेला खेळाडू बचावातही अर्धं पाऊल मागे राहतो. हे मी आकड्यांनी सिद्ध करू शकणार नाही. स्वतः कोर्टवर खेळलेल्या माणसाच्या अंगात मात्र ते मुरलेलं असतं.

याचा त्रास जास्त होतो, कारण याच सबोनिसभोवती याच संघानं २०२२-२३ मध्ये बॉल कसा फिरतो ते दाखवलं होतं. तो वर उभा राहायचा, हर्टर पळत येऊन त्याच्या हातातून बॉल घ्यायचा, बचाव करणारा अर्धा क्षण उशिरा पोहोचला की थ्री, आणि तो फार पुढे आला की त्याच्या मागून बास्केटकडे धाव. त्या हंगामाचं त्यांचं आक्रमण तोवरच्या एनबीए इतिहासात सर्वांत कार्यक्षम ठरलं होतं. सलग तीन हंगाम लीगमध्ये सर्वाधिक रिबाउंड घेणारा आणि सेंटर असून पॉइंट गार्डसारखा पास देणारा सबोनिस आजही तिथेच आहे. त्याच्या हातातून बॉल घ्यायला पळत येणारं कुणी उरलेलं नाही. मॉन्क कधीकधी येतो, तेवढाच दिलासा.

उलट इंडियानाचा कुठलाही बरा सामना बघा. समोरच्या संघानं बास्केट केला की जाळीतून पडणारा बॉल जवळचा माणूस उचलतो, बाहेर जातो आणि आत टाकतो, आणि समोरचे अजून टाळ्या देत असतात तोवर बॉल हाफ कोर्टच्या पलीकडे पोहोचलेला असतो. पुढचं सगळं खो-खोसारखं: पाठीवर थाप बसायचा अवकाश, गडी उठून पळालेला असतो. सियाकम आत घुसतो, दोघं त्याच्यावर धावतात, बॉल कोपऱ्यात नेस्मिथकडे, तिथून वर नेमहार्डकडे, आणि शॉट मारणारा तिसराच कुणीतरी. कोण मारेल हे आधी सांगता येत नाही आणि त्यांनाही ते ठरवायचं नसतं. कोच रिक कार्लाइल बाहेरून फारशा खुणाही करत नाहीत. २०११ मध्ये डॅलसला विजेतेपद मिळवून दिलेला माणूस खेळाडूंवर इतकं सोडून देतो, हे मला फार आवडतं.

"पण हे सगळं हॅलिबर्टनमुळे, तोच नाही म्हटल्यावर काय उरलं?" हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. शेवटच्या क्षणी सामना काढणारा तो हात यंदा नसेल. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात ०.३ सेकंद राहिले असताना त्यानं मारलेला विजयी शॉट रोज रोज कुणी मारत नसतं. पण त्याच सातव्या सामन्याकडे परत बघा. तो गेल्यावरही हाफटाइमला पेसर्स ४८-४७ असे पुढे होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टी. जे. मॅकॉनेलनं बराच वेळ किल्ला लढवला. सरतेशेवटी थंडरचा बचाव भारी पडला आणि सामना १०३-९१ असा गेला. ते हरले, पण बॉल थांबला नाही. २०१९ पासून याच संघात असलेला मॅकॉनेल, बचावात लीगमधल्या भल्याभल्यांना जखडणारा नेमहार्ड, पूर्व विभागाच्या अंतिम फेरीचा मानकरी सियाकम, आणि जास्त बॉल मिळाला तर बहरेल असं मला वाटतं तो मॅथुरिन, ही सगळी मंडळी तिथेच आहेत. मॅथुरिनच्या हातातही बॉल कधीकधी रेंगाळतो, हे कबूल करतो. यंदा माझी नजर त्याच्यावरच राहील.

आता वेळेचं. हे लहान वाटेल, पण नोकरी करणाऱ्या माणसाला लहान नाही. इंडियानापोलिसमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना नोव्हेंबरपासून आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो आणि आठच्या आत आटोपतो. अंघोळ, डबा, लोकल सगळं जमतं. सॅक्रामेंटोचा घरचा सामना सकाळी साडेआठला सुरू होतो आणि अकरापर्यंत चालतो. म्हणजे रविवार सोडला तर चौथा क्वार्टर नेमका कामाच्या वेळेत. तुम्ही दुपारपाळीला असाल किंवा पहाटे उठणं हा प्रकारच तुम्हाला मानवत नसेल, तर मात्र हाच मुद्दा उलटा होऊन किंग्जच्या पारड्यात पडतो.

यशाचं म्हणाल तर दोन्हीकडे फार आशा ठेवू नये, असं माझं मत. पश्चिमेत थंडर, नगेट्स, ड्युरँट आल्यावरचे रॉकेट्स, आणि वेम्बान्यामाच्या जोडीला फॉक्स असलेले स्पर्स, एवढ्यांना मागे टाकून किंग्ज वर येतील असं दिसत नाही. नववं-दहावं स्थान आणि पुन्हा प्ले-इन, हाच माझा अंदाज, आणि तोही मरे लवकर परतला तर. पूर्वेत रान तुलनेनं मोकळं आहे. बोस्टनचा टेटम मे महिन्यातच अकिलिसमुळे बाहेर गेला आहे. त्यामुळे पेसर्स हॅलिबर्टनशिवायही प्ले-इनच्या आसपास राहू शकतात, आणि एखादी दुखापत आणखी झाली तर तळालाही जाऊ शकतात. पण तळाला गेले तरी त्यांचं पूर्ण नुकसान होत नाही. जूनमध्ये त्यांनी न्यू ऑर्लिन्सला २३ वा पिक (ड्राफ्टमधली निवडीची पाळी) देऊन स्वतःचा २०२६ चा पहिल्या फेरीचा पिक परत मिळवला. हंगाम वाईट गेला तर ड्राफ्टमध्ये पाळी लवकर येऊन चांगला तरुण खेळाडू येईल, आणि पुढच्या वर्षी हॅलिबर्टन परत येईल. सॅक्रामेंटोत वाईट हंगामानंतर काय होतं? गेल्या काही वर्षांचा अनुभव असा की कोच जातो, किंवा तुमचा आवडता खेळाडू. हॅलिबर्टन गेला, फॉक्स गेला. नव्या चाहत्यानं जीव लावायचा तरी कुणावर, असं वाटतं.

श्रोडरनं बॉलला वेग दिला आणि क्रिस्टींनी सबोनिसला पुन्हा मध्यभागी आणलं तर माझं म्हणणं डिसेंबरपर्यंत खोटंही ठरेल, आणि तसं झालं तर मला आनंदच होईल. आधीपासून किंग्जचे असाल तर मुळीच बदलू नका. तिथल्या प्रेक्षकांसारखे प्रेक्षक दुसरीकडे नाहीत. पण पाटी कोरी असेल तर २४ ऑक्टोबरला पहाटे पाचचा गजर लावा. पेसर्सचा हंगाम घरच्या कोर्टवर ओक्लाहोमा सिटीविरुद्धच सुरू होतोय. गुणफलक झाकून फक्त पहिला क्वार्टर बघा, आणि बॉल एकाच माणसाच्या हातात किती वेळ राहतो तेवढं मोजा. त्याच आठवड्यात किंग्जचा एक सामना लावून तिथेही तेच करा, आणि मग ठरवा.