पियानोचं संगीत एकट्या हॉर्नवर: काही महिन्यांच्या रियाजानंतर

पियानोसाठी लिहिलेल्या रचना हॉर्नवर (म्हणजे फ्रेंच हॉर्न या पितळी वाद्यावर) उतरवायच्या आणि साथीशिवाय त्यांचाच रियाज करायचा, हा उद्योग मी गेले बरेच महिने करतोय. एट्यूड (तंत्राच्या सरावासाठी लिहिलेले धडे) सोडलेले नाहीत, रोजच्या रियाजाचा शेवटचा भाग तेवढा यासाठी राखून ठेवलाय. फायदा झाला, भरपूर झाला. पण गंमत अशी की ज्या रचनांकडून फार आशा होती त्यांनी थोडंच दिलं, आणि ज्यांत गुणगुणण्यासारखं फारसं काही नाही त्यांनीच घासून घेतलं.

सर्वांत वरचा नंबर बाखच्या सी मेजर प्रील्यूडचा, म्हणजे १७२२ सालच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’च्या पहिल्या भागातल्या पहिल्याच रचनेचा. धून अशी नाहीच. पस्तीस बार (तालाचे समान तुकडे), आणि जवळजवळ सगळे कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचे, पण एकेक स्वर मोकळा करून वाजवलेल्या. पट्टी न बदलता पियानोचा कागद जसाच्या तसा वाचला तर हॉर्नवर ते एफ मेजरमध्ये ऐकू येतं (कागदावरचा सी हॉर्नवर एफ वाजतो), पण साथीला कोणी नसताना बिघडतं कुठे? तसं वाचल्यावर पहिल्या बारमधले सी, ई, जी, सी, ई हे पाचही स्वर डबल हॉर्नच्या (एकात दोन नळ्या, एक एफची आणि एक बी-फ्लॅटची) एफ बाजूला एकही व्हॉल्व्ह, म्हणजे नळीची लांबी बदलणारी कळ, न दाबता निघतात. नळीच्या नैसर्गिक स्वरमालिकेतले ते चौथा, पाचवा, सहावा, आठवा आणि दहावा. म्हणजे लिप-स्लरचा (फक्त ओठांनी स्वर बदलत सलग वाजवण्याचा) आयता धडा, आणि तोही संगीत असलेला. दुसऱ्या बारपासून बोटं कामाला लागतात.

बाखने बहुतेक प्रत्येक बारमध्ये तीच आकृती दोनदा लिहिली आहे. पियानोवर ते साधं आवर्तन. हॉर्नवर मी पहिली फेरी एफ बाजूने आणि दुसरी बी-फ्लॅट बाजूने वाजवतो. मोकळ्या नळीतला ई हा पियानोच्या ईपेक्षा सुमारे चौदा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. बी-फ्लॅट बाजूला तोच स्वर दुसऱ्या व्हॉल्व्हने घेतला की फरक लगेच कानावर येतो, आणि बेलमधला (हॉर्नच्या रुंद तोंडातला) उजवा हात किती हलवायचा ते कळायला लागतं. सुरेलपणाचा इतका थेट धडा मला एट्यूडच्या वहीत सापडला नव्हता.

श्वासाचा प्रश्न मात्र सोडवावाच लागतो. पियानोला दमसास लागत नाही, त्यामुळे कागदावर श्वासाला जागाच ठेवलेली नसते. श्वास घ्यायचा तर एखादा स्वर बळी द्यावा लागतो, तो कोणता हे ठरवण्यात खरी कसोटी. माझा नियम: खालचा स्वर कधीही गाळायचा नाही, कारण कॉर्डला पाया तोच देतो. दुसऱ्या फेरीतला शेवटचा सोळांश स्वर सोडायचा. शेवटाकडे खालचा ‘जी’ स्वर धरून ठेवणारे आठ बार आहेत, तिथला जी पियानोइतका खोल न घेता एक सप्तक वर उचलावा लागतो. कानाला ते खटकत नाही.

आता निराशा. शोपाँचं ई मायनर प्रील्यूड, ओपस २८ मधलं चौथं. पियानोवर काळीज हलवणारं, म्हणून मोठ्या हौसेने घेतलं. पण सुरुवातीचे बार वरची ओळ बी आणि सी या दोन शेजाऱ्यांत घुटमळत असते. सगळं दुःख डाव्या हातात, अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत जाणाऱ्या कॉर्डमध्ये. ते काढलं की उरतो लांब स्वरांचा व्यायाम. मेंडेल्सनच्या ‘शब्दांविना गीतां’चं उलट: धून स्वतंत्र उभी राहते, छान वाजते, पण नवीन काही मागत नाही. थकलेल्या दिवसासाठी ठीक.

शूमनचं ‘ट्रॉयमेराय’ (१८३८) या दोन्हींच्या मधलं, आणि माझं आवडतं. एफ मेजरमधली ही रचना हॉर्नच्या कागदावर सी मेजरमध्ये लिहिली की मूळ पट्टीतच, फक्त एक सप्तक खाली वाजते. मग मूळ रेकॉर्डिंगसोबतही वाजवता येते. सहाव्या बारचं टोक पट्टी न बदलता वाचलं तर वरचा ए येतो, तोही हळुवार हवा असतो. इथे ते ई वर येतं आणि ओठ घाबरत नाहीत. शिकवण मात्र वेगळीच मिळते. पियानोचा स्वर आघातानंतर विझत जातो, आणि पहिल्याच बारमध्ये शूमन लांब एफखाली कॉर्ड घालून त्याची आस टिकवतो. आपल्याकडे तो कॉर्ड नाही. स्वर सपाट धरला तर मेलेला वाटतो, फुगवला तर भडक. किंचित वाढवून पुढच्या चढत्या ओळीत सोडून द्यायचा, एवढंच साधायला मला फार वेळ लागला.

मोत्सार्टच्या सी मेजर सोनाटाची (के. ५४५) सगळे उजव्या हाताची धून घेतात. मी डावा हात घेतला. सी-जी-ई-जी हा आल्बर्टी बास (कॉर्डचे स्वर आलटूनपालटून वाजवणारी साथ) ओठांच्या लवचिकतेसाठी फार उपयोगी, घरच्यांसाठी कंटाळवाणा.

तोटेही आहेत. या रचनांत विश्रांती जवळजवळ नसते. ऑर्केस्ट्रात हॉर्नवाल्याला बार मोजत बसायची सवय, इथे ओठ सतत माउथपीसवर. पंधरा-वीस मिनिटांच्या पुढे गेलं की वरचे स्वर फाटायला लागतात, तेव्हा थांबणं बरं. शिवाय नोटेशन सॉफ्टवेअरच्या ट्रान्सपोझ बटणावर विसंबू नये. पट्टी ते बदलून देतं, पण कोणता स्वर गाळायचा आणि कुठला सप्तक हलवायचा हे त्याला कळत नाही. मी आता पेन्सिलीने कागदावर करतो, ते लवकर होतं.

ज्यांचा मधला सप्तक अजून डळमळतो त्यांनी इतक्यात यात पडू नये, नाहीतर चुकीच्या सवयी सुंदर सुरावटीआड लपतात. बाकीच्यांनी बाखच्या पहिल्या चार बारांपासून सुरुवात करावी, तीही सगळं स्लरमध्ये, मेट्रोनोम लावून, आणि पाचव्या बारला हात घालण्याआधी श्वासाच्या खुणा पेन्सिलीने करून.