ऑटोमॅटिक गाडी लांबून टो करून आणताय? फ्लॅटबेड सांगून आम्हाला कसं फसवलं ते वाचा

ज्यांच्याकडे ऑटोमॅटिक गाडी आहे त्यांनी हे पूर्ण वाचा प्लीज. आमच्या गाडीचा फक्त फ्यूल पंप गेला होता, आणि ती कराडहून ठाण्याला येईपर्यंत गिअरबॉक्सची पार वाट लागली.

बाबा कोल्हापूरहून येत होते, कराडच्या जवळ हायवेवर गाडी बंद पडली. तिथल्या मेकॅनिकने बघून सांगितलं पंप गेलाय, पार्ट मागवावा लागेल, चार-पाच दिवस धरा. इकडे बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली, म्हणून गाडी ठाण्यालाच आणायची आणि घोडबंदर रोडवरच्या आमच्या नेहमीच्या गॅरेजला टाकायची असं ठरलं. इन्शुरन्सचं रोडसाइड असिस्टन्स होतं पण ते जवळच्या गॅरेजपर्यंतच नेतात, किलोमीटरची मर्यादा असते (तुमच्या पॉलिसीत किती आहे ते आजच बघून ठेवा). मग ऑनलाइन नंबर शोधून फोनाफोनी सुरू केली. बाकीचे अठरा-वीस हजार सांगत होते, कळंबोलीचा एक जण साडेबारा म्हणाला, अर्धे आधी. मी त्याला स्पष्ट सांगितलं की गाडी सीव्हीटी ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) पाहिजे. "ताई, आपल्याकडे फ्लॅटबेडच असते, हा बघा फोटो," असं म्हणून त्याने चकाचक पिवळ्या फ्लॅटबेडचा फोटो पाठवला. नंबर प्लेट फोटोत नव्हती.

फ्लॅटबेडचाच हट्ट का, ते सांगते, कारण टोइंगवाले इथेच गोलमाल करतात. सीव्हीटी असो की टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना ज्या चाकांना पॉवर जाते ती चाकं रस्त्यावर फिरत राहिली तर आतले भाग तेलाविना फिरतात आणि घासून, तापून खराब होतात. न्यूट्रलला टाकलं म्हणून वाचत नाही. आपल्या बहुतेक छोट्या गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह, त्यामुळे पुढची चाकं उचलून नेली तर एक वेळ चालतं, पण मागून उचलली की पुढची चाकं रस्त्यावर आणि खेळ खल्लास. स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा अशा रिअर व्हील ड्राइव्ह गाड्यांचं बरोबर उलटं. फोर बाय फोर आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर चारही चाकं वर, दुसरा पर्यायच नाही. आणि फ्लॅटबेड म्हणून काहीही येऊ शकतं, म्हणून वजनाचंही बघा. साधी हॅचबॅक नऊशे-हजार किलोच्या आसपास आणि टाटा एससारख्या छोट्या टेम्पोची क्षमताच साधारण साडेसातशे किलो, त्याच्यावर फळी टाकून कोणी गाडी चढवतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. मोठी एसयूव्ही असेल तर टाटा 407 किंवा आयशरसारख्या ट्रकवर बनवलेली फ्लॅटबेडच हवी.

तर कराडला फ्लॅटबेड आलीच नाही, आली मागे हूक असलेली साधी अंडरलिफ्टवाली, म्हणजे दोनच चाकं उचलून ओढत नेणारी टोइंग व्हॅन. ड्रायव्हर बाबांना म्हणाला, "काका, फ्लॅटबेड साताऱ्याला उभी आहे, तिथपर्यंत पुढची चाकं उचलून नेतो, पुढे वर चढवू." बाबा आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपला होते, त्यांना पुढची चाकं उचललेली असली की चालतं हे माहीत होतं. त्यांनी समोर उभं राहून पुढूनच उचलायला लावली, हँडब्रेक सोडलाय ना बघितलं, व्हॅनच्या नंबरासकट फोटो काढले. हे फोटो आता सगळ्यात जास्त कामाला येतायत.

रात्री मला व्हॉट्सॅपवर फोटो आला, "लोड झाली ताई". पांढरी गाडी, फ्लॅटबेडवर, अंधारात मागून काढलेला. आमच्या गाडीच्या मागच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात सोसायटीचा गोल हिरवा पार्किंग स्टिकर आहे, फोटोतल्या गाडीला तो नव्हता. मी लगेच फोन लावला, उचलला नाही, मग स्विच ऑफ.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच फोन, की गाडी कळंबोलीच्या यार्डात आहे, घाटाचा चार्ज, वेटिंग आणि रात्रीचं होल्डिंग मिळून नऊ हजार जास्तीचे लागतील, नाहीतर गाडी ठाण्याला येणार नाही. मी आणि माझे मिस्टर तिथे पोचलो तर गाडी त्याच व्हॅनला मागून लटकवलेली, पुढची दोन्ही चाकं जमिनीवर! पुढचे टायर बाबांनी निघायच्या आदल्या दिवशीच कोल्हापूरला नवीन टाकले होते, नव्या टायरवर ते रबराचे बारीक केस असतात ना, ते रस्त्याला लागणाऱ्या भागावरचे पूर्ण झिजून गेलेले. कराडच्या फोटोत ते केस स्वच्छ दिसतात. यार्डातला एक पोरगा बोलता बोलता बोलून गेला की रात्री पुण्याजवळ गाडी उतरवून ठेवली होती, व्हॅन दुसऱ्या कामाला गेली होती, सकाळी जशी सापडली तशी उचलली. म्हणजे सगळा बोरघाट आमची गाडी पुढच्या चाकांवर घासत आली.

नऊ हजारावरून बराच वेळ वाद झाला, चार माणसं गोळा करून अंगावर यायला लागले तेव्हा मिस्टरांनी 112 ला फोन लावला. पोलीस येतायत म्हटल्यावर ठरलेले उरलेले पैसे घेऊन गाडी सोडली. पैसे यूपीआयनेच दिले, कॅश मागत होता ती दिली नाही.

गॅरेजमध्ये पंप बदलला, इंजिन सुरू झालं, पण गाडी डी ला टाकली की कण्हल्यासारखा आवाज आणि पुढे जातच नाही. ऑइल काढलं तर काळं आणि जळकट वास, ड्रेन प्लगच्या चुंबकाला चमकीसारखा धातूचा कीस चिकटलेला. खर्चाचा अंदाज सव्वा लाखाच्या वर. इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले.

आता आम्ही काय करतोय ते सांगते म्हणजे कोणाला उपयोग होईल. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. वकिलांकडून नोटीस गेली आहे. 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्यात माल बुक केल्यापासून 180 दिवसांत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे थांबून राहू नका. 2019 च्या ग्राहक कायद्याने आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणून आमची ठाण्यातच होणार, कराडला खेपा मारायला नकोत. त्याने बिल्टी (वाहतुकीची पावती) दिलीच नव्हती, पण व्हॉट्सॅपवरचं "फ्लॅटबेडच असते" हे वाक्य, तो दुसऱ्याच गाडीचा फोटो आणि यूपीआयच्या नोंदी आहेत.

आणि ज्यांची गाडी आत्ता कुठे अडकली असेल त्यांनी ॲडव्हान्स द्यायच्या आधी येणाऱ्या टोइंग गाडीचा नंबर मागा आणि एम-परिवहन ॲपवर टाका, गाडी कुठल्या प्रकारची आहे, फिटनेस आणि इन्शुरन्स चालू आहे का ते कळतं. तोच नंबर दारात आला तरच चावी द्या. बेल्ट चाकांवरून बांधायला लावा, साखळी ॲक्सलला नको. मित्राच्या बोलेरोला टोचन लावून आणू असं कोणी सुचवलं तर ते फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत आणि तेही मॅन्युअल गाडीलाच, कारण दोरीने ओढताना दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही, वेग ताशी 24-25 च्या आत ठेवायचा असतो, आणि इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंग जड होतं. खंबाटकी नाहीतर बोरघाटात तसलं काही करू नका. दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील, पण बिल्टीवर "फ्लॅटबेड, चारही चाकं वर" असं लिहून घ्या आणि सही घ्या.