ऑबफस्केटर ८ महिने वापरला, मॅप फाइलने रडवलं

आधीच सांगतो, टूल रागात घेतलं होतं. ऑबफस्केटर म्हणजे प्रोग्रामच्या आतली नावं आणि रचना अशी बिघडवणारं टूल की कोणी उघडून पाहिलं तरी काही कळू नये. रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांना मी वजन-बिलाचं सॉफ्टवेअर देतो, सी शार्प भाषेतलं साधं विनफॉर्म्स, म्हणजे विंडोजवर चालणारं. एका गाळ्यावर तेच पैसे न देता चालताना दिसलं. घरी येऊन स्वतःचीच एक्झी (तयार प्रोग्रामची फाइल) आयएलस्पायमध्ये, म्हणजे त्यातून कोड परत काढून (डिकंपाइल करून) दाखवणाऱ्या टूलमध्ये टाकली तर कॉमेंट आणि लोकल व्हेरिएबलची नावं सोडून सगळं जसंच्या तसं, लायसन्स तपासायचं फंक्शन तर नावासकट. डीएनस्पाय या तशाच टूलमध्ये तर लायसन्सच्या उत्तराचं तिथल्या तिथे फॉल्सचं ट्रू करून सेव्ह पण होतं, म्हणजे माझी दोन वर्षं आणि त्याची दोन मिनिटं.

ऑबफस्केटरमध्ये फुकटचा कन्फ्युझरएक्स होता पण मूळ प्रोजेक्ट कधीचा बंद, म्हणून विकतचं घेतलं, वर्षाला १८ हजार. पैसे दिलेत तर सगळं वसूल करू म्हणून सगळ्या टिका मारल्या, नावं बदलणं, स्ट्रिंग एन्क्रिप्शन (कोडमधला मजकूर कुलूपबंद करणं), कंट्रोल फ्लो (कोडच्या पायऱ्यांचा क्रम गुंतवणं), सगळं. आयएलस्पायमध्ये नुसतं ए, बी, एए. लई खूश झालो, पहिल्याच आठवड्यात पाच स्टार दिले होते.

मग सकाळी सहाला सावद्याहून फोन, "भो, बिलात दांड्याची कपातच नही दिसत, कायले घेता पैसे?" झालं असं की ग्रिडच्या (बिलातल्या तक्त्याच्या) कॉलमला प्रॉपर्टीचं, म्हणजे आकडा जिथून घ्यायचा त्याचं, नाव स्ट्रिंगमध्ये (नुसता मजकूर म्हणून) लिहिलेलं, आणि टूलने प्रॉपर्टीचं नाव करून टाकलं 'सी'. एरर नाही काही नाही, कॉलम गुपचूप कोरा. असे क्लास (कोडचे गट) नावं बदलण्यातून हाताने वगळावे लागतात, हे मला ट्रकभर केळी वजन झाल्यावर कळलं.

पण खरा वैताग मॅप फाइलचा. गिऱ्हाईक एररचा फोटो पाठवतो, त्यात ए डॉट बी डॉट ए. कुठली ओळ, कुठलं फंक्शन, काय समजणार? जुनं नाव-नवं नाव टूल एका मॅप फाइलमध्ये लिहितं, आणि माझ्या सेटिंगमध्ये दर बिल्डला जुनी फाइल पुसून नवी व्हायची. सावद्याच्या व्हर्जनची गेली. एक रात्र अंदाजाने काढली. सपोर्टला लिहिलं तर डॉक्युमेंटेशनची लिंक आली, बस. आता प्रत्येक बिल्डची मॅप तारखेसकट पेन ड्राइव्हवर आणि मेलवर, दोन्हीकडे ठेवतो. तुम्ही घेणार असाल तर पहिल्या दिवशी हेच करा, बाकी नंतर.

तीन स्टारवर आणलं होतं, आता साडेतीन म्हणा. कारण कंट्रोल फ्लो आणि स्ट्रिंगवालं बंद केल्यावर जुन्या मशीनवर सुरू व्हायला लागणारा वेळ कमी झाला आणि अँटीव्हायरसची बोंब पण थांबली. तसंही स्ट्रिंग उघडायची किल्ली एक्झीतच असते, डी-फोर-डॉटसारखी फुकट टूलं बरंच उलगडून देतात. नुसती नावं बदलली तरी गल्लीतला हौशी पोरगा कंटाळतो, मला तेवढंच हवं होतं. महिन्याचा हिशोब करणारा कोड मात्र सर्व्हरवर हलवला, एक्झीत जे नाहीच ते कोण डिकंपाइल करणार.

रिन्युअलचा मेल आलाय. डिस्काउंट मागितलाय, दोन आठवडे झाले, उत्तर नाही.