फासे टाकायचे की ठरलेले आकडे वाटायचे? हलक्याफुलक्या कॅम्पेनसाठी कॅरेक्टर बनवताना

गणपतीत चाकरमानी गावी आले की कोकणात खेळाडूंची वानवा नसते. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या खेळाचं मजेशीर कॅम्पेन (बऱ्याच बैठका चालणारी एक गोष्ट) सुरू करणार असाल, तर कॅरेक्टरचे, म्हणजे प्रत्येकाच्या पात्राच्या ताकद, करिश्मा अशा सहा क्षमतांचे आकडे कुठून येणार हे आधी ठरवून टाका. पाचव्या आवृत्तीत (२०१४) तीन वाटा आहेत.

पहिली फाशांची. चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान सोडून उरलेल्या तिघांची बेरीज, असं सहा वेळा. मजा येतेच. पण एकाला १८ पडला आणि दुसऱ्याचा सगळ्यात मोठा आकडा १३, तर पुढे त्या क्षमतेसाठी फासा टाकताना पहिल्याला +४ आणि दुसऱ्याला +१. हा फरक कॅम्पेन संपेपर्यंत पाठ सोडत नाही. दीड दिवसाच्या गणपतीत उरकणारा एकच डाव असेल तर खुशाल फासे टाका.

दुसरी पॉइंट बायची. सगळ्यांना २७ गुण, त्यातून आकडे विकत घ्यायचे. न्याय्य आहे, पण १५ ला ९ गुण, १४ ला ७ हा हिशेब नवख्यांना कंटाळा आणतो. मुरलेल्यांसाठी ठीक.

माझं मत तिसरीला, स्टँडर्ड ॲरेला, म्हणजे सगळ्यांना तेच ठरलेले सहा आकडे: १५, १४, १३, १२, १०, ८. भांडण नाही, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक ८ येतोच. तो ८ म्हणजे अशा कॅम्पेनचा जीव! करिश्मा ८ असलेला क्लेरिक (देवाचा पुजारी) देवचारापुढे गाऱ्हाणं घालायला उभा राहतो, निम्म्यात अडखळतो, भलत्याच गावाचं नाव घेतो, आणि मागे उभी पार्टी (बाकीची पात्रं) तरीही जोरात 'व्हय म्हाराजा' म्हणते. फाशातून फक्त एक वजा होतो, बाकीचं टेबल करतं. म्हणून नियमच करा: तुझा ८ कुठे आहे आणि तो चारचौघांत कसा दिसतो, हे प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं.

बॅकस्टोरी, म्हणजे पात्राची आधीची कथा, घरून लिहून आणायची की टेबलावर जुळवायची? टेबलावरच. घरून आलेल्या कथेत बहुतेकदा कुटुंब मारलं गेलेलं असतं आणि सूड बाकी असतो. असे चौघे एकत्र जमले की हसणार कोण? त्यापेक्षा प्रत्येकाला विचारा, उजवीकडच्याशी तुझी ओळख कशी? 'आम्ही एकाच रापणीवर दोर ओढतो', 'ह्याच्या मावशीकडे माझे पैसे अडकलेत', एवढं पुरतं. दशावतारातही संवाद लिहून दिलेले नसतात. कथा आणि पात्रं ठाऊक असतात, बाकी रंगमंचावरच उभं राहतं.

कुणाला उदास, एकांडा रॉगच (चोरट्या चालीचं पात्र) हवा असेल तर नाही म्हणू नका. फक्त गावात त्याची एक आजी ठेवा, जिच्यापुढे त्याची बोबडी वळते.